सोपी वाट

विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहितेय:
शनिवार. तार्तूची दहा दहाची बस.
अडीच किलोमीटर, गोल फिरून निघालो तिथेच परत,
चढ नाही, बहुतेक फळ्यांचाच रस्ता.
पार्कच्या पत्रकात तिच्यापुढे एकच हिरवं पान छापलंय,
एक पान म्हणजे सोपी.
कुणाला सोपी, ते छापलेलं नाही.

समोर बाबा. हेल्डुर, वय एक्क्याऐंशी,
एकतीस वर्षं याच जंगलात वनरक्षक,
आता नव्या खुब्यावर तोल सांभाळणारे
आणि अधूनमधून मला मावशीच्या नावानं हाक मारणारे.
"काडेपेटी लिही," म्हणतात.
लिहिते.
"मीठ. दोरी. सुरी. लोकरीचे मोजे, दोन जोड."
बाबा, दोन तासांत घरी येणार आहोत आपण.
"असं सगळेच म्हणून निघतात,"
आणि काळ्या पावाचा तुकडा ताकात बुडवतात.

मी मीठ खोडते. ते पेन मागून घेतात
आणि खोडलेल्या मिठावर पुन्हा मीठ लिहितात,
थरथरत्या अक्षरात,
पण शुद्धलेखनाची एक चूक सापडेल तर शपथ.

गुरुवारी कामावरून लवकर सुटून
मी एकटीच जाऊन वाट बघून आले.
बाकं मोजली, पाच.
पहिल्यापासून दुसरं दोनशे दहा पावलांवर,
दुसऱ्यापासून तिसरं दोनशे ऐंशी,
तिसऱ्यापासून चौथं मात्र काही केल्या येईचना.
नऊशे चाळीस.
तीही माझी पावलं, त्यांचा हिशेब वेगळा.
म्हणून यादीत घडीचं स्टूल,
शेजारच्या आर्वोचं, तो बर्फावर मासे धरायला नेतो ते.
संडास फक्त सुरुवातीला, कडी आतून अडकते.
ओढ्याआधीची एक फळी हलते, तिथे हात धरायचा,
पण धरलाय असं वाटू द्यायचं नाही.

बुधवारीच ते म्हणाले होते,
"ओढ्यापाशी डावीकडे वळ, उजवीकडे दलदल आहे."
नकाशात वाट उजवीकडे वळते.
मी वाद घातला नाही.
हल्ली मी बहुतेक गोष्टींवर वाद घालत नाही.

पण ओढ्यापाशी आल्यावर राहवलं नाही.
डावीकडे, बिलबेरीच्या झुडपांत गुडघाभर शिरले,
तर एका म्हाताऱ्या पाइनच्या सालीवर
तळहाताएवढा निळा पट्टा, शेवाळानं अर्धा गिळलेला,
रंगाचा एक ओघळ खाली येता येता सुकलेला.
आमच्या लाकडाच्या कोठीचं दार याच निळ्याचं,
घसरगाडी याच निळ्याची, माझ्या पहिल्या सायकलचं मडगार्डही.
सरकारी डबा, आई कुरकुरायची.
त्या झाडापुढे काहीच नव्हतं,
नुसतं जंगल,
आणि झाडांमध्ये, इथून कुणी जात असावं असं वाटावं
इतकीच मोकळी जागा.

हे मी त्यांना सांगितलेलं नाही.
सांगावं, तर ते डावीकडे वळतील, खुबा काहीही म्हणो.
न सांगावं, तर

यादी पुरी करते. पाणी. दुपारच्या गोळ्या.
डासांचं मलम. उकडलेली अंडी, चार.
अंड्यांना लागेलच म्हणून मीठ.

शनिवारी चारला जाग आली.
बाहेर उजाडलेलंच होतं,
जूनमध्ये इथे रात्र डोळा मिटते न मिटते तोच उघडते.
स्वयंपाकघरात बाबा.
टोपी, बूट, नाड्यांना दुहेरी गाठ,
मांडीवर आर्वोचं स्टूल, पायाशी पिशवी,
पिशवीच्या तोंडातून दोरीचं टोक डोकावणारं.
झोपा जरा, म्हटलं, बस दहाला आहे.
"तू झोप, हेल्यू," मावशीच्या नावानंच म्हणाले,
"मी वाट बघतो."